बघून सांग

“डावीकडे घ्या,” असं संयोगिता म्हणाली तेव्हा तिचा हात उजवीकडे होता. रिक्षावाल्यानं आरशात हात बघून हँडल उजवीकडे ओढलं, मग शब्द ऐकून तेच डावीकडे फिरवलं, आणि मधल्या फटीतून पुढे निघालेल्या स्कूटरवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. स्कूटर तिरकी होऊन कडेच्या खडीत घसरली. माणूस पडला नाही. एका पायावर नाचल्यासारखं करत उभा राहिला, पँटवरची धूळ झटकली, रिक्षाकडे एकदा बघितलं आणि निघून गेला. पोवई नाक्यावर असलं काही दिवसातून पन्नासदा होत असेल. रिक्षावाला मिशा पिकलेला, बहुधा पलटणीतून पेन्शनीत आलेला. तो मागं वळून शांतपणे म्हणाला, “बाई, हात तिकडं आन् तोंड इकडं. मी हाताचं ऐकू का तोंडाचं?”

“हाताचं,” ती म्हणाली. “उजवीकडे घ्या. माझं चुकलं.”

रिक्षा उजवीकडे वळली. तिच्या मांडीवर कुरियरनं मुंबईहून आलेला गठ्ठा होता, जाड स्पायरल घातलेल्या दोन झेरॉक्स वह्या, अजून शाईचा वास येणाऱ्या. दोन इंजिनांच्या बोइंगची सगळी माहिती त्यांत होती. एका नव्या खाजगी विमान कंपनीनं तिला निवडलं होतं आणि सहा आठवड्यांनी, मार्च पंच्याण्णवच्या पहिल्या सोमवारी, तिला हैदराबादला हजर व्हायचं होतं. लहान विमानाचा परवाना हातात असला तरी बोइंग चालवता येत नाही, त्या एका जातीच्या विमानाचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. पुढे गेलेल्या मुलामुलींनी बजावून सांगितलं होतं, आधी वाचून या, तिथं श्वास घ्यायला वेळ देत नाहीत. म्हणून तिनं वह्या मागवल्या होत्या. रिक्षात बसल्या बसल्या तिनं मधलंच एक पान उघडलं होतं. इंजिन निकामी झालं तर काय करायचं, त्याचं पान. त्यावर पहिलीच पायरी होती : कोणतं इंजिन, ते ओळखा. ती ओळ वाचत असतानाच तिनं डावीकडे घ्या म्हटलं होतं. आता पान बंद केलं तरी ओळ बंद होईना. तिनं उजव्या हाताची तीन बोटं एकत्र जुळवली, पेन धरल्यासारखी. हा लिहायचा हात, म्हणजे हा उजवा. गेली एकोणीस वर्षं ती दर वेळी हे असंच करत आली होती, आणि हे कुणालाही माहीत नव्हतं.

ती डावखुरी जन्मली होती. देवाला फूल डाव्या हातानं, भाकरीचा तुकडा डाव्या हातानं. आई, म्हणजे चंद्राबाई, हातावर चापट मारायची, पण चापटीनं काही झालं नाही. मग ती पाच वर्षांची असताना आबा, म्हणजे वडील लालासाहेब, पलटणीतून दोन महिन्यांच्या रजेवर आले. ते तेव्हा हवालदार होते. ते रागावले नाहीत. त्यांनी आपला खाकी मफलर काढला आणि तिचा डावा हात कमरेशी बांधला, जेवताना आणि पाटीवर लिहिताना. उजव्या हातानं घास घेतला की एक बत्तासा. ते स्वतः हसत होते, तीही हसत होती. म्हणून तर पुढे कधी तक्रार करावी असं काही सापडलं नाही. संध्याकाळी अंगणात कवायत चालायची. “दहिने मुड,” आबा ओरडायचे आणि ती नेमकी दुसरीकडे वळायची, आणि दारात बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. रजा संपली तेव्हा मफलर सुटला होता आणि ती उजव्या हातानं जेवत होती. हात बदलला, पण शब्द बदलायचे राहून गेले. उजवा म्हटलं की आत कुठंतरी अजून डावा हात उठायचा, मग त्याला खाली बसवून दुसऱ्याला उठवायचं. याला अर्धा सेकंद लागायचा. अर्ध्या सेकंदावर तिनं शाळा, बारावीचं गणित, सायकल, स्कूटर, आणि शेवटी विमानसुद्धा निभावून नेलं.

त्या संध्याकाळी घरी पाहुणे होते. निवड झाल्यापासून रोजच असायचे. गावाकडचे भावकीतले, आबांच्या पलटणीतले, शाल आणि नारळ घेऊन येणारे. संयोगिता चहाचा ट्रे फिरवत होती आणि आबा सांगत होते, “आवं, ही लहानपनी डावरी हुती. पन म्या दोन म्हैन्यात उजवी करून टाकली. शिस्त लावली की मानूस हवं तसं वळतंय.” सगळे हसले. एकजण म्हणाला, “म्हनूनच तर पोरगी इमान वळवाया लागली.” पुन्हा हसले. तिनं कप पुढे केला आणि कोणत्या हातानं केला ते बघितलं. आबांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की त्यांना काही सांगणं म्हणजे भर सभेत त्यांची टोपी उडवल्यासारखं झालं असतं. आणि सांगायचं तरी काय? डॉक्टरांनी डोळे तपासले, कान तपासले, छातीला वायरी लावून कागद काढले. हात वर करा म्हटलं तेव्हा दोन्ही करा म्हटलं. उजवा कोणता, डावा कोणता, ते कुणीच विचारलं नाही.

एकदा मात्र विचारल्यासारखं झालं होतं. फ्लाइंग क्लबात, परवान्याच्या शेवटच्या महिन्यांत. खालून रेडिओवर आवाज आला, डावीकडे वळा, आणि तिनं विमान सरळ उजवीकडे घातलं. बोटं जुळवायची राहिली होती. उन्हात दुसरं एक लहान विमान समोर चमकलं, माशीएवढं, मग घारीएवढं, मग त्याच्या पोटावरची अक्षरं वाचता आली. शेजारच्या मास्तरांनी दांडा आपल्याकडे ओढला. खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, “झोप झाली नव्हती का?” ती म्हणाली, “नाही, सर.” रात्रभर छान झोपलेली असताना ती म्हणाली, नाही, सर. त्यांनी खांद्यावर थोपटलं. त्या खोट्याचं ओझं तिला तेव्हा वाटलं नव्हतं. आता त्या दोन जाड वह्यांइतकं वाटत होतं.

साताऱ्यात अभ्यास होईना म्हणून ती सांगलीला मामाकडे निघाली. निदान घरी तिनं तसं सांगितलं. एसटी भरलेली होती. कऱ्हाडच्या पुढे सगळे पेंगायला लागले. पुढच्या बाकावरच्या म्हातारीचं डोकं खिडकीवर आपटत होतं तरी ती जागी होत नव्हती. एक बाई बाळाला पदराखाली घेऊन तोंड उघडं टाकून झोपली होती. कुणी ड्रायव्हरकडे बघतसुद्धा नव्हतं. संयोगितानं माणसं मोजली, उभी धरून एक्कावन्न. अशा तीन एसट्या म्हणजे तिचं विमान. तीन एसट्यांमधली तोंड उघडी टाकून झोपलेली माणसं, आणि पुढे ती, बोटं जुळवत. काही वर्षांपूर्वी परदेशात असंच एक विमान पडलं होतं, क्लबात सगळ्यांनी त्याचा अहवाल वाचला होता. एक इंजिन बिघडलं आणि वैमानिकांनी चांगलं चाललेलं दुसरं बंद केलं. दोघेही अनुभवी होते. त्यांच्यापैकी कुणी लहानपणी डावखुरा होता असं अहवालात नव्हतं. तेव्हा ते वाचून तिला हायसं वाटलं होतं की वाईट, ते आठवेना. उसाचे ट्रक मागं पडत होते. इस्लामपूर गेलं.

आप्पासो मामांचा कुपवाडला छोटा कारखाना होता, लेथवर पंपाचे सुटे भाग करायचे. बोलणं कमी, हात चालू. घराच्या माडीवर तिनं कॉकपिटचं मोठं कागदी चित्र भिंतीला चिकटवलं तेव्हा ते मागं बनियनवर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. “ह्यातलं वडायचं काय काय हाय?” त्यांनी विचारलं. तिनं इंधन तोडायचे दोन लिव्हर दाखवले, डावीकडचा एक नंबर आणि उजवीकडचा दोन नंबर. तिसऱ्या दिवशी ते स्कूटरवर मागं बांधून एक लोखंडी पेटी घेऊन आले. खरेच दोन लिव्हर, खाली स्प्रिंग, वर काळे गोल दांडे, ओढले की खटका बसायचा. “कागदावर हात मारून काय व्हतंय,” ते म्हणाले. “हाताला वजन कळाया पायजे.” विजयमाला मामी म्हणाल्या, “घरातलं कवाचं स्टूल करून मागतीया, ते न्हाई केलं.” मामा ऐकू न आल्यासारखं करून स्प्रिंगला तेल घालत राहिले.

मग रोज दुपारी जेवायला आले की अर्धा तास मामा शेजारच्या खुर्चीवर बसायचे. ते डावीकडे, कॅप्टनच्या जागी, ती उजवीकडे. तिनं लिहून दिलेला कागद ते बोट फिरवत वाचायचे. इंजिन बिघडलं, नंबर अमुक. तिनं लिव्हरवर हात ठेवायचा, नंबर म्हणायचा, शेजारच्यानं बघून हो म्हणायचं, मगच ओढायचा. वहीत तसंच होतं. एकट्यानं काही ओढायचं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला केवढं बरं वाटलं होतं. शेजारी माणूस आहे. त्याचे डोळे आहेत. पहिले आठ दिवस सगळं ठीक गेलं. मग मामा म्हणाले, “आता जरा झटक्यात घिऊ,” आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं.

खिडकीतून माधवनगरच्या बाजूचा मळीचा गोडूस वास येत होता. मामा म्हणाले, “दोन.” दोन म्हणजे उजवा. उजवा म्हणजे, आणि इथं तिची बोटं जुळायला हवी होती, पण घड्याळ चालू होतं आणि हात आधीच गेला होता. “नंबर दोन,” ती मोठ्यानं म्हणाली. मामा म्हणाले, “बरूबर.” तिनं ओढला. खटका बसला. मामांनी घड्याळ बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, “चार सेकंद. लय झ्याक.” आणि पुढची ओळ शोधायला कागदावर बोट ठेवलं.

तिच्या हातात एक नंबरचा लिव्हर होता. खोलीत हे फक्त तिलाच माहीत होतं. खाली मामी परातीत भाकरी थापत होत्या, तो आवाज येत होता. ओढलेला लिव्हर चांगल्या इंजिनाचा होता. ते आता विझलं होतं, आणि दुसरं तर आधीच गेलेलं. एवढी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. तीन एसट्यांमधली माणसं अजून झोपलेलीच होती. तिची चूक झाली याची तिला भीती वाटली नाही, चूक होणार हे ठाऊकच होतं. भीती वाटली ती त्या “बरूबर”ची. मामांनी लिव्हरकडे बघितलंच नव्हतं. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं होतं. ती दोन म्हणाली, तिच्या आवाजात खात्री होती, म्हणून ते दोनच होतं. आबांनी असंच मानलं होतं, मास्तरांनी असंच मानलं होतं. हैदराबादला शेजारी जो बसेल तोही असंच मानेल, कारण ती हुशार होती, ठाम बोलायची, सगळ्यांत आधी बोलायची. ठाम बोलायला ती शिकली होती, तेच मुळी हे लपवण्यासाठी. तिनं हळूच लिव्हर परत वर केला. मामांनी पुढचं वाचलं. ती म्हणाली, डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी मामी तिला गणपतीच्या देवळात घेऊन गेल्या. दर्शन झालं, प्रदक्षिणेला निघायचं. देव उजव्या हाताला ठेवून. ती उभी राहिली आणि पाऊल उचलेना. मामी पुढे गेल्या तशी ती त्यांच्या पाठीवरच्या पदरातल्या शेवग्याच्या पानांच्या नक्षीवर डोळे ठेवून मागोमाग गेली. लहानपणी एकदा गावच्या देवळात ती उलटी फिरली होती आणि समोरून येणाऱ्या सगळ्या गावाशी तिची गाठ पडली होती. तेव्हा लोक बाजूला झाले होते. तिला वाटलं, नोकरी सोडून देता येईल. आजार सांगता येईल. आबा शाल-नारळवाल्यांना काय सांगतील, तेही तिनं मनात सगळं ऐकलं. आणि मग वाटलं, काही सांगू नये, सराव वाढवावा, दिवसाला शंभरदा, म्हणजे शब्द आणि हात जुळतील. पण मामांनी काल चार सेकंद म्हटलं होतं. सरावानं ती फक्त वेगानं चुकायला लागली होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कुपवाडला कारखान्यात गेली. दुपारची वेळ, लेथ बंद, कामगार डबे खात बसलेले. मामा घरी जेवायला निघण्याआधी बाहेर निंबाखाली हात धूत होते. तिनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मफलर, बोटं, क्लबातलं विमान, आणि परवाचा लिव्हर. मामांनी हात धुणं थांबवलं नाही. साबण, मग पाणी, मग पुन्हा साबण.

“म्हंजे परवा तू दोन म्हनलीस आन् वडला एक,” शेवटी ते म्हणाले.

“व्हय.”

“आन् मी बरूबर म्हनलो.”

“व्हय, मामा.”

त्यांनी साबण बाजूला ठेवला. मग शर्टाला हात पुसत म्हणाले, “तुजं ऱ्हाऊ दे. तुजा हात लहानपनी बांदला, त्याला तू काय करशील. पन मी कशापायी बसलो हुतो तितं? हितं प्रेसवर दोन मानसं लावतो मी. एकानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बघून हां म्हनायचं. दुसरा न बघता हां म्हनला म्हनून आपल्या कामगाराची, ज्योतिबाची, दोन बोटं गेली. मला हे ठावं हाय. तरी बी मी तुज्या तोंडाकडं बघून हां म्हनलो.” त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. “आबास्नी सांगितलंस?”

“न्हाई.”

“नगं सांगूस. पन जितं सांगाया पायजे तितं सांग. आजच.”

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून तिनं मुंबईला प्रशिक्षणाच्या कॅप्टनना फोन लावला. मुलाखत त्यांनीच घेतली होती. काचेच्या पेटीत हवा नव्हती. तिनं सगळं सांगितलं. पलीकडे लाकडी खुर्ची कुरकुरल्याचा आवाज आला. मग ते इंग्रजीत म्हणाले की अशी माणसं तिला वाटतात त्याहून पुष्कळ असतात, आणि बहुतेक गप्प बसतात, त्या गप्प बसणाऱ्यांचीच आपल्याला जास्त भीती वाटते. ते तिला आत्ता हो म्हणणार नाहीत आणि नाहीही म्हणणार नाहीत. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या विमानात, ठरेल. मात्र तिच्या शेजारी जो बसेल त्याला तिनं पहिल्याच दिवशी सांगायचं, आणि तिनं सांगितलं नाही असं कळलं तर ते स्वतः तिला घरी पाठवतील. तिनं थँक यू सर म्हटलं. पैसे देऊन बाहेर आली. तिला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. आतापर्यंत भीती तिच्या एकटीच्या ताब्यात होती, आता ती कुठल्यातरी फाइलीत लिहिली गेली होती.

उरलेले दिवस मामा घड्याळ घेऊन बसले नाहीत. ती हात ठेवायची, नंबर म्हणायची, आणि ते चष्मा पुढे ओढून, वाकून, लिव्हरवरचा आकडा वाचायचे. “थांब, बघू दे.” पाच सेकंद, सहा सेकंद. बहुतेक वेळा ते हां म्हणायचे. दोनदा ते म्हणाले, “न्हाई गं. हात काड.” दोन्ही वेळा तिनं हात काढला आणि दोघांनी ती ओळ पहिल्यापासून घेतली.

हैदराबादला तिच्या जोडीला पुण्याचा सौमित्र होता, हसरा, तरतरीत, सगळं पाठ असलेला. तिनं पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर त्याला सांगितलं. “अगं, एवढंच ना?” तो म्हणाला. “माझी आईपण रिक्षावाल्याला नेहमी उलटं सांगते. काळजी करू नको.” तो इतक्या चांगुलपणानं म्हणाला की त्यानं खरं ऐकलंच नाही हे तिला कळलं. तीन आठवडे वर्ग झाले. मग सिम्युलेटर सुरू झाला. बंद दाराची खोली, आत खऱ्यासारखं कॉकपिट, खाली यंत्राचे पाय, विमान हलेल तशी हलणारी. फोनवर बोललेले तेच कॅप्टन मागच्या खुर्चीवर वही घेऊन बसायचे आणि काय बिघडवणार ते सांगायचे नाहीत.

चौथ्या दिवशी उड्डाणानंतर तीन मिनिटांनी सगळं थरथरायला लागलं. चष्म्याची काच हलावी तसे समोरचे आकडे हलायला लागले. सौमित्र डाव्या खुर्चीत विमान सांभाळत होता, कपाळावर घाम. “इंजिन नंबर दोन,” तो म्हणाला. तिचा हात गेला. दांडा तळहातात आला. “नंबर दोन, कन्फर्म,” ती म्हणाली, नेहमीच्या ठाम आवाजात, आणि तिचं वाक्य संपायच्या आत तो म्हणाला, “कन्फर्म.” त्याचे डोळे समोर होते.

आपण चुकलो की नाही, हे तिला कळलं नव्हतं. त्या थरथरीत बोटं जुळवून बघायला जागाच नव्हती. तिला एवढंच कळलं की त्यानं बघितलेलं नाही. हात ओढायला आसुसला होता, मनगटापर्यंत ताकद येऊन थांबली होती. “सौमित्र,” ती म्हणाली, आणि इंग्रजी सुटून मराठीच तोंडात आली, “बघून सांग.”

“अगं, हो, बरोबर...”

“माझ्या हाताकडे बघ. बघून सांग.”

तो बघायला वाकला. विमान थोडं खाली गेलं, त्यानं सावरलं, पुन्हा बघितलं. मग त्याचा आवाज बदलला. “नाही. नाही, थांब. तो एक आहे.”

तिनं एकेक बोट सोडवत हात काढला. दुसऱ्या लिव्हरवर ठेवला. त्यानं आकडा वाचला, मोठ्यानं वाचला, आणि हो म्हणाला. तिनं ओढला. थरथर थांबली. एका इंजिनावर ते परत फिरले आणि उतरले. मागून कॅप्टन इतकंच म्हणाले, “उद्या पुन्हा हेच. दोघांनी.” आणि वही मिटून निघून गेले.

बाहेर व्हरांड्यात सौमित्रनं पाण्याच्या टाकीवरून ग्लास भरून घेतला. बाकावर तिच्याशेजारी बसून त्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

“मी न बघताच कन्फर्म म्हणालो,” तो म्हणाला.

“हो.”

“तुला कळलं होतं, चुकीचा आहे ते?”

“नाही.”

तो पाणी प्यायला. व्हरांड्याच्या टोकाला कुणीतरी दार लावलं.

“म्हणजे हे रोज असंच?” त्यानं विचारलं.

“रोज,” संयोगिता म्हणाली.

त्यानं ग्लास खाली ठेवला. मग पहिल्यांदाच तिच्या दोन्ही हातांकडे त्यानं नीट बघितलं.